भर वैशाखात एकट्याने

गेल्या महिन्यात आमच्या घरी पंगतीस दुसरा विषय म्हणून निघाला नाही. अक्षय्य तृतीयेच्या दिवशी आमरसाची दुसरी वाटी संपवता संपवता आमच्या पुतण्याने जाहीर केले की, येत्या शनिवारी आपण नाशिकहून धुळ्यास आजोळी सायकलीवर जाणार. एका दिवसात जाणार. आणि एकटेच जाणार. मुलगा वीस वर्षांचा, प्रकृतीने काटक, सायकल चांगली; हे सर्व खरे. परंतु रस्ता सुमारे १६० किलोमीटरांचा, महिना वैशाख, आणि वाटेत मालेगाव! मातोश्रींनी 'ऊन लागेल' एवढे दोनच शब्द उच्चारले आणि त्या उठून देवघरात गेल्या. वहिनींनी, आपल्या माहेरी जाण्यास एस.टी.च्या गाड्या अद्याप बंद पडलेल्या नाहीत, असे सुचविले. आमचे ज्येष्ठ बंधू स्वभावतः मध्यम मार्गाचे. त्यांनी सोबतीस एखादा मित्र घेतल्यास परवानगी, अशी तोड काढली. ती पुतण्यास मान्य होईना. मित्र बरोबर घेतला म्हणजे निम्मा वेळ त्याच्याशी बोलण्यात आणि निम्मा त्याची वाट पाहण्यात जातो, असे त्याचे म्हणणे. आणि ते अगदीच खोटे आहे, असे आम्हांसही म्हणवेना.

अखेर सर्वांच्या नजरा आमच्याकडे वळल्या. कारण उघड होते. बारा वर्षांपूर्वी ह्याच रस्त्याने, ह्याच ऋतूत, आम्ही एकटे सायकलीवर धुळ्यास गेलो, अशी आमची घरात ख्याती आहे. 'काका गेले, मग मी का नको?' हा पुतण्याचा मुद्दा बिनतोड होता. आम्ही काहीतरी सबब सांगून पानावरून उठलो. त्या प्रवासाची खरी हकिकत आम्ही आजवर कोणास सांगितलेली नव्हती. पुतण्यास ती त्याच रात्री गच्चीवर सांगितली. घरातील इतर मंडळींस ती ह्या अंकातूनच कळेल.

नाशिकहून ईशान्येस जाणारा हा आग्रा रस्ता पुष्कळ वाचकांच्या परिचयाचा असेल. पंचवटी व आडगाव मागे टाकले की ओझर, तेथून पिंपळगाव बसवंत, पुढे वडाळीभोई, चांदवड, उमराणे, मालेगाव आणि शेवटी धुळे. चांदवड सुमारे ६५ किलोमीटरांवर, मालेगाव शंभरांच्या पलीकडे. पिंपळगावापर्यंत प्रदेश डोळ्यांना सुखावह आहे. द्राक्षबागांची खरड छाटणी एप्रिलात होऊन गेलेली असते व वेलींवर कोवळी फूट दिसते. (कुसुमाग्रजांचे प्राथमिक शिक्षण ह्याच पिंपळगावात झाले; सायकलीवरून जाताना अशा गोष्टी आठवतात, मोटारीतून जाताना आठवत नाहीत.) पिंपळगाव सुटले की मात्र हिरवा रंग विरत जातो. कांद्याच्या चाळी, बाभळी, नांगरून उलथून टाकलेली रिकामी शेते, आणि दूरवर चांदवडचे डोंगर. जमीनही हळूहळू उतरत जाते. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांच्या आसपास, तर मालेगाव त्याहून सुमारे दीडशे मीटर खाली. मे महिन्यात नाशिकचा पारा ३८ अंशांवर असावा आणि त्याच दुपारी मालेगावचा ४२ वर, हे नित्याचेच. शिवाय वेधशाळेचा हा पारा सावलीत ठेवलेला असतो. सायकलस्वार सावलीत नसतो. जुन्या आग्रा रस्त्याच्या दुतर्फा वडांच्या रांगा होत्या. रस्ता चौपदरी होताना त्यांतील पुष्कळ गेल्या. मोटारीत बसणारास त्या गेल्याचे कळतही नाही.

आमची त्या दिवशीची पहिली चूक घरच्या दारातच झाली. पहाटे पाचास निघावयाचे ठरविले होते. परंतु मातोश्रींची पूजा, मग हातावर दही-साखर, मग पोहे, मग शेजारच्या मंडळींचा निरोप, ह्यांत सात वाजले. आम्हांस त्याचे काहीच वाटले नाही. उलट पिंपळगाव दीड तासात गाठल्यावर आपण मोठे वेगवान आहो, असा अहंकार वाटू लागला. वारा पाठीशी होता. उन्हाळ्यात ह्या भागात दिवस चढला की पश्चिमेचा वारा सुटतो, आणि ईशान्येस जाणाऱ्या स्वारास तो मागून ढकलतो. सायकल जणू आपोआप धावत होती. पाठीवरचा वारा हा उन्हाळ्यात मित्र नव्हे, हे आम्हांस पुढे पुष्कळ वर्षांनी, पुस्तके चाळल्यावर समजले. सायकल ताशी वीस किलोमीटर आणि वाराही मागून तेवढाच. म्हणजे स्वाराच्या अंगास वारा मुळी लागतच नाही. तो धावतो आहे, पण स्थिर हवेत उभा असल्यासारखा भाजतो आहे. तोंडावरचा वारा पाय थकवितो, परंतु अंग निववितो. चढणीवरही हीच गत: कष्ट दुप्पट, वेग निम्मा, वारा नाही.

चांदवडास पोहोचलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. वाटेत दोन ठिकाणी चहा झाला होता, तोही चुकीचाच. चहाऐवजी पाणी प्यावयास हवे होते. चांदवडास थांबण्याजोगी ठिकाणे पुष्कळ. रेणुकादेवीचे देऊळ आहे, अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल आहे, आणि जुन्या दगडी बांधकामात दुपारी जो गारवा असतो तो विजेच्या पंख्यात नाही. आम्ही देवीचे दर्शन घेतले, सभामंडपात पाच मिनिटे टेकलो, आणि उठलो. का उठलो? ह्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की, संध्याकाळपर्यंत धुळ्यास पोहोचतो असे आम्ही दोन्ही घरी सांगून बसलो होतो. वहिनींच्या माहेरी पुरणपोळीचा बेत होता. मनुष्य उन्हात जातो तो पुष्कळदा उन्हाच्या हौसेने नव्हे, तर दिलेल्या शब्दाच्या भिडेने.

उमराण्यापर्यंत विशेष काही झाले नाही. निदान आम्हांस तसे वाटले. तहान लागेनाशी झाली होती. ह्याचा आम्हांस आनंदच झाला, कारण बाटलीतले पाणी चहासारखे तापले होते. उमराणे सोडल्यावर केव्हातरी अंगावर काटा आला, थंडीत येतो तसा. डोके ठणकू लागले. तरी पाय फिरत होते, आणि ज्याअर्थी पाय फिरत आहेत त्याअर्थी सर्व ठीक आहे, असा आमचा तर्क चालला होता. इतक्यात एक किलोमीटरचा दगड आला. त्यावर 'धुळे ६८' असे होते. एकूण रस्ता १६०. मग किती झाला? वाचकहो, चक्रवाढ व्याज तोंडी करण्यात ज्याने शाळेत बक्षीस मिळविले, त्या मनुष्यास १६० मधून ६८ वजा करता येईनात. आम्ही आठ वजा केले, मग पुढे काय करावयाचे ते विसरलो, पुन्हा आरंभ केला, पुन्हा विसरलो. आणि ह्यातील भयंकर भाग असा की, ह्याची आम्हांस यत्किंचितही भीती वाटली नाही. किंचित हसू आले. थांबावे असे एकदाही मनात आले नाही.

थांबविले ते एका शेतकऱ्याने. रस्त्याकडेच्या चाळीतून तो टेम्पोत कांदा भरत होता. आमची सायकल रस्त्यावर नागमोडी जात असावी. तो हातातले घमेले टाकून धावत आला आणि त्याने हँडलच धरले. "कुठं निघाले, भाऊ?" असे त्याने विचारले. आम्ही 'पंढरपूर' असे उत्तर दिले, असे त्याने मागाहून सांगितले. आम्हांस ते आठवत नाही. "बसा आधी. पंढरपूर कुठं पळून जात नाही," असे म्हणून त्याने आम्हांस चाळीच्या सावलीत आडवे केले, सदरा काढला, हौदातले पाणी बादलीने डोक्यावर व अंगावर ओतले आणि कांद्याच्या रिकाम्या गोणीने वारा घालीत बसला. आम्ही नीट बोलू लागल्यावर मग मीठ घातलेले ताक, थोडे थोडे करून, दोन तांबे पाजले. दोन तासांनी तो टेम्पो धुळ्याकडे निघाला, तेव्हा आम्ही कांद्याच्या गोण्यांवर आणि सायकल आमच्या उशाशी, अशा थाटात आमचा उरलेला प्रवास झाला. धुळ्याच्या वेशीवर आम्ही त्यास थांबविले, खाली उतरलो, तोंड धुतले, भांग पाडला, आणि शेवटचे दोन किलोमीटर सायकलीवर जाऊन वहिनींच्या माहेरी अंगणात घंटी वाजविली. तेथे आमचे औक्षण झाले. ते औक्षण बारा वर्षे आमच्या घशात अडकले आहे.

आता त्या दुपारी शरीरात काय घडले, तेही सांगितले पाहिजे. कारण ते समजले नसते तर आम्ही आजही सर्व दोष उशिरा निघण्यास दिला असता. मनुष्याचे शरीर यंत्र म्हणून फारसे काटकसरी नाही. अन्नातून मिळणाऱ्या शक्तीचा सुमारे चौथा हिस्सा पॅडलवर पोहोचतो. उरलेले तीन हिस्से उष्णता होऊन अंगातच राहतात. सायकलस्वार पॅडलवर १०० वॉटचा जोर लावीत असेल, तर त्याच्या अंगात शंभर शंभर वॉटचे तीन दिवे सतत जळत आहेत असे समजावे. हिवाळ्यात ही उष्णता हवा काढून नेते. परंतु त्वचेची उष्णता ३५ अंशांच्या आसपास असते. हवा ४२ वर गेली की ती उष्णता नेण्याऐवजी आणून देऊ लागते. मग एकच दार उरते, घामाचे. आणि तेही घाम गळून नव्हे, तर वाळून. एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो. म्हणजे नुसते ते तीन दिवे विझवावयास ताशी जवळजवळ अर्धा लिटर घाम वाळला पाहिजे. वर ऊन, तापलेले डांबर आणि गरम हवा ह्यांचा हप्ता वेगळा. तासास एक लिटर हा वैशाखातला सामान्य खर्च धरावा. आमच्या कोरड्या हवेत घाम दिसण्यापूर्वीच वाळतो, त्यामुळे खर्च किती झाला हे स्वारास कळत नाही. कोकणातला मनुष्य भिजतो आणि सावध होतो. देशावरचा कोरडाच राहतो आणि फसतो.

घामाबरोबर मीठही जाते. नुसते पाणी घटाघटा पीत राहिले, तर रक्तातील मिठाचे प्रमाण उतरते आणि त्यानेही भ्रम होतो, फेफरे येते. आपल्या घरातील कैरीचे पन्हे, मिठाचे ताक, लिंबाचे सरबत ही पेये ह्या दृष्टीने किती शहाणपणाची आहेत! ती नसतील तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून, घालावे. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांत पटकी पसरली, तेव्हा बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी साखर-मिठाच्या अशाच पाण्याने असंख्य प्राण वाचविले. पटकीस जे लागू पडले ते घामासही पडते, कारण आतड्यात पाणी शोषले जाण्याचा मार्ग एकच आहे. आमच्या मातोश्री प्रवासास निघणाऱ्याच्या खिशात कांदा घालतात. खिशातला कांदा ऊन शोषून घेत नाही, हे आम्ही त्यांस सांगण्याचे धाडस करीत नाही. तो भाकरीबरोबर खावा.

हे सर्व एक वेळ जमेल. घाम मोजता येतो, मीठ मोजता येते. जे मोजता येत नाही ते वेगळेच. शरीराची उष्णता ४० अंशांकडे जाऊ लागली की पायांच्या आधी बुद्धी जाते. थांबावे की नाही, हे ठरविणारा जो आपल्यातील न्यायाधीश, तोच प्रथम गैरहजर होतो, आणि त्याच्या खुर्चीवर कोणी बसले नाही हे आरोपीस कळत नाही. दोघे असतील तर एक दुसऱ्याकडे पाहून 'अरे, तू काय बडबडतोस!' असे म्हणेल. एकट्यास तसे म्हणणारा कोणी नाही. एकट्याच्या उन्हातल्या प्रवासाचा खरा धोका हा. दरोडेखोर, पंक्चर, पायांत गोळे, हे सर्व त्यापुढे किरकोळ.

गच्चीवर आम्ही येथपर्यंत बोललो तेव्हा पुतण्याने विचारले, "मग गोकुळनाथ एकटे गेले ते कसे?" प्रश्न रास्त होता. नाशिकच्या सायकलस्वारांत हे नाव आदराने घेतात. अमेरिकेत १९८२ सालापासून एक शर्यत होते. पश्चिमेस कॅलिफोर्नियातील समुद्रकिनाऱ्यावर, ओशनसाइड येथे, निघावयाचे आणि पूर्वेस दुसऱ्या समुद्रावर पोहोचावयाचे. अंतर सुमारे ३००० मैल, म्हणजे ४८०० किलोमीटर. तिचे नाव 'रेस अक्रॉस अमेरिका'. ती जूनमध्ये असते, आणि किनाऱ्याचा गारवा सुटतो न सुटतो तोच डोंगर उतरून स्वार वाळवंटात पडतो. तेथील उन्हापुढे आमच्या मालेगावाने मान खाली घालावी. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र महाजन आणि डॉ. महेंद्र महाजन ह्या बंधूंनी दोघांच्या संघाने ही शर्यत ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पुरी केली. तोपर्यंत कोणत्याही भारतीय संघास ते साधले नव्हते. एक भूलतज्ज्ञ, दुसरे दंतवैद्य. एक भाऊ सायकलीवर, दुसरा विश्रांतीस, अशी त्यांची पाळी. एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकांस ह्या पद्धतीचे मर्म विशेष सांगावयास नको.

एकट्याने ही शर्यत करणाऱ्यास, ५० वर्षांखालील पुरुषास, १२ दिवसांची मुदत असते. लष्करातील डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ हे २०१६ साली तीत उतरले आणि त्यांस शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली. २०१७ साली ते पुन्हा उतरले आणि ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांत पोहोचले; एकट्याने मुदतीत पोहोचलेले ते पहिले भारतीय. त्यांच्यामागून थोड्याच तासांत नागपूरचे डॉ. अमित समर्थ आले. नागपूरकरांस उन्हाचे काय ते नवल, असे कोणी म्हणेल. परंतु आम्हांस निराळेच नवल वाटते. हे चौघेही वैद्यकी जाणणारे. शरीराचा जमाखर्च ज्यांस ठाऊक, तेच येथे टिकले.

आणि हे 'एकटे' म्हणजे काय, तेही पाहावे. सायकल एकट्याने मारावयाची, हे खरे. परंतु मागे मोटार असते, मोटारीत साहाय्यकांचे पथक असते. स्वाराने केव्हा खावे, किती प्यावे, केव्हा दोन तास निजावे, रस्ता कोठे वळतो, हे ते पथक सांगते. स्वाराकडे फक्त पाय मारणे उरते. न्यायाधीशाची खुर्ची मोटारीत ठेवलेली असते. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबाच्या नियमांनी आपल्याकडे ज्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या होतात त्यांत पथक नसते. परंतु २०० किलोमीटरांस १३ तास ३० मिनिटे अशी मुदत असते आणि वाटेत ठराविक ठाण्यांवर हजेरी द्यावी लागते. ताशी वीस किलोमीटर गेले तरी साडेतीन तास विसाव्यास उरतात. पुतण्यास आम्ही म्हटले, "गोकुळनाथांस पथक होते. आम्हांस कोणी नव्हते. तू कोणत्या जातीचा एकटा?"

तो बराच वेळ गप्प बसला. नंतर म्हणाला, "पथक घरी बसलं तर चालेल का?"

त्या एका प्रश्नाने आमच्या घरातील पंधरवड्याचे भांडण मिटले. दुसऱ्या दिवशी माजघरात सभा भरली आणि अटी ठरल्या. पहाटे साडेचारास निघावयाचे. दही-साखर आदल्या रात्री. सकाळी दहा वाजले की जेथे असेल तेथे, पुढे गाव कितीही जवळ असो, सावलीत बसावयाचे आणि दुपारी साडेचारपूर्वी उठावयाचे नाही. अंधार पडल्यावर त्या ट्रकांच्या रस्त्यावर राहावयाचे नाही. प्रत्येक मोठ्या गावी फोन करावयाचा, आणि फोनवर 'मी ठीक आहे' असे म्हणावयाचे नाही, कारण तसे आम्हीही म्हटले असते. त्याऐवजी शंभरातून सात सात वजा करून दाखवावयाचे. ही कल्पना आमची. परंतु परीक्षक होण्याचा मान मातोश्रींनी हट्टाने घेतला. आकड्यांत चूक झाली किंवा उत्तरास वेळ लागला, तर बंधूंनी तत्क्षणी मोटार काढावयाची. शिवाय उन्हाची सवय. घामाच्या ग्रंथींस नवे ऊन पचविण्यास आठवडा-दोन आठवडे लागतात. मग घाम लवकर सुटतो आणि त्यात मीठ कमी जाते. त्यासाठी त्याने जाणे पंधरा दिवस पुढे ढकलले आणि रोज सायंकाळी चार वाजता तास-दीड तास गंगापूर रस्त्याने फेरी सुरू केली. वहिनींसाठी आम्ही एक कागद लिहून दिला, तो येथेही देतो: उन्हाने तापलेला मनुष्य असंबद्ध बोलू लागला तर वैद्याची वाट न पाहता प्रथम त्याचे अंग गार करावे. सावली, कपडे सैल, अंगभर पाणी, जोराचा वारा. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये. तापाच्या गोळीचा येथे उपयोग नाही. हे करता करता इस्पितळाकडे न्यावे.

ठरल्या शनिवारी तो साडेचारास निघाला. खिशात कांदा होताच. ओझरहून फोन आला, पिंपळगावहून आला. मातोश्री हातात जपमाळ घेऊन फोनपाशी बसल्या होत्या व सातांची वजाबाकी माळेच्या मण्यांवर पडताळून पाहात होत्या. पुढे फोन येईना. बंधूंनी मोटारीची किल्ली दोनदा हातात घेतली, दोनदा ठेवली. वडाळीभोईच्या अलीकडे चाकात बाभळीचा काटा गेला होता, आणि ट्यूब बदलली तर नवीही फुटकी निघाली, असे मागाहून कळले. चांदवडहून फोन आला तेव्हा नऊ वाजले होते. दहाच्या ठोक्याला तो उमराण्यात होता.

तेथून मालेगाव वीसएक किलोमीटर. उताराचा रस्ता, वारा पाठीशी, एका तासाचे काम. त्याने फोनवरून सवलत मागितली. प्रथम वजाबाकी झाली: त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट, एकही चूक नाही. बंधू विरघळले. "तासाचाच तर प्रश्न आहे," असे म्हणून ते आमच्याकडे पाहू लागले. आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही मान हलविणार होतो. मुलगा शुद्धीवर होता, आनंदात होता. वहिनींनी फोन आपल्या हाती घेतला. "ठरलंय ना दहा? मग बस सावलीत," एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला व त्या स्वयंपाकघरात गेल्या. तेथे त्यांनी दुपारपर्यंत एकही भांडे नीट ठेवले नाही, सर्व आपटली.

तो एका देवळाच्या सभामंडपात साडेसहा तास होता. भाकरी-कांदा खाल्ला, तीन लिटर पाणी व ताक प्याला आणि झोपला. त्या दुपारी मालेगावचा पारा ४३ वर गेला, असे रात्रीच्या बातम्यांत सांगितले. साडेचारास निघून तो दिवस मावळण्याआधी मालेगावास पोहोचला आणि बंधूंच्या एका स्नेह्यांकडे राहिला. एका दिवसात धुळे गाठण्याचा त्याचा बेत अर्थात फसला, आणि रात्री फोनवर त्याचा आवाज त्यामुळे थोडा पडलेला होता. आम्ही त्यास काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचास निघून तो साडेआठास धुळ्यास आजोळी पोहोचला. अंगणात घंटी वाजली, औक्षण झाले. नंतर त्याने आम्हांस फोन केला. तेथील मंडळी, काका बारा वर्षांपूर्वी एका दिवसात आले होते आणि तुला मात्र दोन लागले, असे म्हणून त्याची थट्टा करीत आहेत, तर त्यांस काय सांगू, असे त्याने विचारले. हा अंक तेथेही जातो. अंक येईपर्यंत थोडा दम धर, असे आम्ही त्यास सांगितले आहे.